सत्तेचाळीस गुंठ्यांची राखण

१५ सप्टेंबर, सकाळी ११.४०
आजपासून रोजनिशी. ही वही माझ्याशिवाय कुणीही वाचायची नाही, त्यामुळे इथे खोटं लिहायचं कारण नाही. बाकीच्या ठिकाणी परिस्थिती बघून.

जूनमध्ये मी हिंजवडीतली नोकरी सोडली. त्याच दिवशी कंपनीनेही मला सोडलं, हा योगायोग. तेव्हापासून स्वतःचं स्टार्टअप. नाव थवाचेन. पाच रोबो, प्रत्येक साधारण बुटाच्या खोक्याएवढा. चार चाकं, एक कॅमेरा, एक भोंगा. पाचांवर बॉस कुणी नाही. निर्णय मतदानाने, पाचातली चार मतं हवीत. आणि प्रत्येक निर्णयाची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे वही एक, तिची प्रत पाचांकडे, आणि एकदा लिहिलेलं कुणाच्या बापालाही खोडता येत नाही. कुणी खोटं बोलायला लागला तर बाकीचे त्याला मत देऊन बाहेर काढतात. माझा मोबाइल सहावा. त्याला मत नाही, पण नोंद करता येते. संस्थापकाने एवढी नम्रता ठेवावी.

एकच अडचण आहे. रोबोंना काम काहीच नाही.

संकल्प: उद्यापासून पहाटे सहाला उठणे.

१६ सप्टेंबर, दुपारी १२.१०
काम मिळालं!

घरमालकीण सगुणाबाई आज पाणी येणार नाही हे सांगायला वर आल्या होत्या. आमच्या गॅलरीखाली त्यांचं भावकीचं शेत आहे, चाळीस गुंठे, भोवती सगळीकडे भाड्याच्या चार-चार मजली खोल्या. जांबे गावातल्या आमच्या गल्लीत भाताचं एवढंच शेत उरलंय, कारण सातबाऱ्यावर पाच नावं आहेत आणि विकायचं की नाही यावर पाचांचं एकमत नाही. सगुणाबाई, दीर विठ्ठलराव, जाऊ सारजाबाई, आणि वाल्मीक व भैरू हे दोघं पुतणे. प्रत्येकाचा आठ गुंठ्यांचा तुकडा, मधे बांध.

सगुणाबाईंच्या तुकड्यात आंबेमोहोर आहे, सासूने दिलेल्या बियाण्याचा. पन्नास वर्षं त्यातलंच थोडं पुढच्या पेरणीला ठेवत आल्यात. गेल्या साली पाखरांनी निम्मं खाल्लं. उरलं ते सगळं यंदा पेरलं, कणगीत आता दाणा नाही. लोंबीत दूध भरलं की पाखरं येणार. दरवर्षी त्या स्वतः बांधावर डबडं वाजवत बसतात, यंदा गुडघ्याने नकार दिला. म्हणाल्या, औंदा खाल्लं तर बीच गेलं बगा, मंग बसा दुकानातलं आनून खात.

मी म्हणालो, निवांत राहा, राखण माझ्याकडे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग रोबोंकडे. विचारलं, ह्यांचा मुकादम कोन? मी सांगितलं, कुणीच नाही, सगळे समान, चार मतं पडल्याशिवाय काहीच होत नाही. त्या म्हणाल्या, आमचं बी तसंच हाय, म्हनून तर बावीस वर्सं शेतात पाईप पडला न्हाई.

अडाणी म्हणवणाऱ्या बाईला तंत्रज्ञान किती पटकन समजलं! भारावलो.

१७ सप्टेंबर, सकाळी ११.१५
सहाला उठलो नाही. काल विचार फार झाला होता.

बायकोला, म्हणजे जुईलीला, सगळं सांगितलं. ती अजून नोकरी करते, कुणीतरी करायला हवी. तिने मला दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. तिने विचारलं, आणि तुझ्या रोबोंनी काही केलं नाही तर सगुणाबाईंच्या बियाण्याचं काय? मी म्हणालो, हा प्रश्न नकारात्मक आहे. ती म्हणाली, प्रश्नच आहे तो.

२३ सप्टेंबर
पहिली चाचणी. भैरूचं भात हळवं आहे, त्याच्या लोंब्या आधीच आल्यात. नोंदवही गॅलरीत चहा घेताना वाचली.

८.०२: रोबो तीनला पाखरं दिसली. मतदान पुकारलं.
८.०५: रोबो एक सहमत.
८.०७: रोबो चारने फेरमतदान मागितलं.
८.११: रोबो पाच चिखलात घसरला. तो खरंच घसरला का, यावर वेगळं मतदान.
८.१९: चार मतं पूर्ण. पाखरं आहेत. भोंगा.

निर्णय शंभर टक्के बरोबर. फक्त पाखरं थांबली नाहीत. भैरू खालून ओरडून काहीतरी म्हणत होता, वाऱ्यामुळे नीट ऐकू आलं नाही. पहिले दोन शब्द ऐकू आले.

२६ सप्टेंबर, दुपारी १
एक बारीकसा प्रसंग. विठ्ठलराव पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून बांधावर एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाचा काटा काढत होते. रोबोंनी मतदान केलं. बगळा. चार विरुद्ध एक.

नोंद पुसता येत नाही. आता विठ्ठलराव शेतात दिसले की पाचही भोंगे वाजतात. आजपर्यंतचा सगळ्यात वेगवान निर्णय, चौदा सेकंद. विठ्ठलराव वर येऊन म्हणाले, आमी दोनदा पंचायतीवर निवडून आलोय, आन तुमी आमाला पाखरू करताय व्हय? मी समजावलं, चार मतांनी झालंय, हीसुद्धा लोकशाहीच. जिना उतरताना ते बराच वेळ बोलत होते.

२७ सप्टेंबर
उपाय सापडला. पाचही मालकांना एकेक बिल्ला दिला, किल्लीला अडकवायचा. बिल्ला जवळ असला की रोबो ओळखतो, हा माणूस आहे, अमुक आहे, इतका वेळ इथे होता. तीही नोंद कायमची. विठ्ठलराव आता वहीत 'बगळा, मालक' असे आहेत. त्याहून जास्त दुरुस्ती शक्य नाही.

सहावा बिल्ला जुईलीला दिला, मानाचा. सातवा माझा. तो टीव्हीवर ठेवलाय, हरवायला नको.

शिवाय संस्थापकाने रोज शेतावर जाऊन हजेरी लावायची असा नियम केला. मोबाइलवर बटण आहे: 'शेखर शेतावर हजर. सर्व ठीक.' आज गॅलरीतूनच दाबलं. मनाने मी तिथेच असतो.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सगुणाबाईंनी विळा, कोयता, पाटा-वरवंटा यांच्या ओळीत पाचही रोबो मांडून पूजा केली. मला भरून आलं. प्रत्येकाला झेंडूचा हार घातला. हार कॅमेऱ्यावर आल्यामुळे तीन रोबो म्हणाले रात्र झाली, दोन म्हणाले दिवस आहे. चार मतं न झाल्यामुळे आजचा दिवस अनिर्णित.

५ ऑक्टोबर, सकाळी ११.३०
आंबेमोहोरात दूध भरायला लागलंय. गॅलरीपर्यंत वास येतो. आत्ता, या मिनिटाला, तिथे कमीत कमी साठ पाखरं बसलेली दिसतायत. रोबो सगळे भैरूच्या तुकड्यात गोळा झालेत. आपापली हद्द ठाऊक नसल्याने एकमेकांच्या मागे फिरतात.

खाली जाऊन हाकलावीत असं क्षणभर वाटलं. पण मग सिस्टिम शिकणार कधी?

सगुणाबाई गुडघा धरत धरत स्वतःच गेल्या. दगड मारून आल्या. वर बघून म्हणाल्या, शेखरभाऊ, डबडीच हायेत तर वाजवा तरी.

मान्य आहे, मला जरा वाईट वाटलं. पण लगेच उपायही सुचला: प्रत्येक मालकाने आपापला रोबो हातात धरून आपल्या तुकड्याच्या हद्दीवरून एक फेरी मारायची. रोबो हद्द शिकेल, ती वहीत कायमची पक्की होईल. मग ज्याने त्याने आपलीच हद्द राखायची. सोपं.

६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७
फेऱ्या झाल्या. किती उत्साह! विठ्ठलराव तर बांध सोडून सगुणाबाईंच्या भातातून चालले. मी विचारल्यावर म्हणाले, आमच्या आज्याच्या टायमाला बांध हितं व्हता. सारजाबाई वाल्मीकच्या दोन ओळी आतून गेल्या. वाल्मीक गेला भैरूच्या आतून. भैरूने शेजारच्या इमारतीचं पार्किंगसुद्धा घेतलं. सगुणाबाई शेवटी निघाल्या, सगळ्यांच्या फेऱ्या बघून. कुणी जितकं आत शिरलं होतं तितक्याच त्या बाहेर गेल्या.

मी पाचही हद्दींची बेरीज केली. सत्तेचाळीस गुंठे.

शेत चाळीसचंच आहे. म्हणजे निव्वळ तंत्रज्ञानाच्या जोरावर आपण एका दिवसात सात गुंठे जमीन निर्माण केली. जुईलीला सांगितलं. तिने डोक्याला हात लावून विचारलं, आणि हे पुसता येत नाही ना? मी अभिमानाने म्हणालो, नाही.

७ ऑक्टोबर, सकाळी १०.५० (लवकर! आरडाओरड्याने जाग आली)
पाचही रोबो जागच्या जागी थांबलेत. कुठेही पाऊल टाकलं तरी दुसऱ्या कुणाच्या हद्दीत जातं, आणि तशी परवानगी नाही. हलत नाहीत, भोंगा वाजवत नाहीत. बघतात मात्र, आणि कुणाचा बिल्ला किती वेळ बांधावर आहे तेवढं लिहितात.

आरडाओरडा भावकीचा. वही वाचायला सगळ्यांना खुली आहे, त्यामुळे वाल्मीकने आपल्या मोबाइलवर सगळ्यांच्या हद्दी बघितल्या आणि सगळ्यांना दाखवल्या. विठ्ठलराव म्हणतायत, मशिनीनं लिवलंय म्हंजी खरं. सगुणाबाई म्हणतायत, त्या मशिनीनं तुमाला बगळा बी लिवलंय. पौडला, तालुक्याच्या कचेरीत, मोजणीचा अर्ज द्यायचं ठरलं. मोजणी होईपर्यंत रातोरात कुणी बांध कोरू नये म्हणून प्रत्येकाने आपल्या बांधावर बसायचं हेही ठरलं. पाचांचं यावर एकमत झालं, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

हजेरी: शेखर शेतावर हजर. सर्व ठीक.

१० ऑक्टोबर, सकाळी ११.२०
सगुणाबाईंचा गुडघा बांधासाठी बरा झालाय. खुर्ची टाकून दिवसभर बसतात आणि समोरच्या बांधावरच्या विठ्ठलरावांना ऐकवतात. ते उठून उत्तर देतात. ते बोलायला लागले की सारजाबाई थाळी बडवतात, ऐकू येऊ नये म्हणून. वाल्मीक शिट्टी मारतो. भैरू पार्किंगवाल्यांशी वेगळा भांडतो.

या गोंगाटात कोडिंग होत नाही. दुपारी झोपलो.

जुईली हल्ली सकाळी सहाला फिरायला जाते. तब्येतीची काळजी घेते, चांगलं आहे. मीही उद्यापासून सहाला.

१४ ऑक्टोबर
सहाला नाही. पण सातला एकदा जाग आली होती.

जुईलीचा घसा बसलाय. ऑफिसात मीटिंगा फार. मी तिला कमी बोलायला सांगितलं. ती गुळण्या करायला उठली.

पोहे ठेवायचा पत्र्याचा डबा सापडत नाही.

१८ ऑक्टोबर, दुपारी १२
आनंदाची बातमी! आज गॅलरीतून दुर्बिणीने बघितलं. आंबेमोहोरावर एक पाखरू नाही. वाल्मीकच्या तुकड्यात नाही, कुणाच्याच नाही. लोंब्या भरून खाली वाकल्यात.

थोडक्यात, सिस्टिम चालते. रोबो हलत नाहीत, भोंगा वाजवत नाहीत, नुसते उभे आहेत आणि पाखरं पळाली. याला म्हणतात धाक. भांडणाच्या गोंगाटातसुद्धा त्यांनी आपलं काम केलं, हे विशेष.

जुईलीच्या चपलांना चिखल असतो. त्यांच्या ऑफिसात बांधकाम चालू असावं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
मुदत संपली. जुईलीला भाताचे फोटो दाखवले आणि म्हणालो, आता बोल. तिला बोलता येत नव्हतं, घसा. कागदावर लिहून दिलं: कापणीनंतर बघू. मुदतवाढ मिळाली.

आज एकही बांध रिकामा नव्हता. पाचही घरांचा फराळ बांधावरच आला. एकमेकांना ताटं देताना भांडत होते, पण देत होते.

हजेरी: हजर. सर्व ठीक.

८ नोव्हेंबर
कापणी. भावकी आणि त्यांची सगळी पोरंसोरं एकत्र कापायला, अशी रीतच आहे म्हणे. मोजणीचा अर्ज वाल्मीकने परस्पर मागे घेतला. मोजणी झाली असती तर प्रत्येकाचे आठच गुंठे निघाले असते. कुणालाच परवडलं नसतं.

मी जाणारच होतो. पण कंबर धरली. विळा बघूनच धरली.

१० नोव्हेंबर, संध्याकाळी ६
मळणी झाली. सगुणाबाईंनी सगळ्यात आधी बियाण्याचं भात वेगळं काढलं, उन्हात फिरवलं आणि कणगीत ओतलं. ओतताना डोळे पुसले. म्हणाल्या, बी ऱ्हायलं. एवढंच. मीही गॅलरीत डोळे पुसले. हे माझ्यामुळे झालं, हा विचार फार मोठा असतो.

परवा राखणीची वाटणी. ज्याने राखण केली त्याला नव्या भाताचं सूप भरून द्यायची पद्धत आहे. मी मोठी पिशवी धुऊन वाळत घातली. भाषणही तयार केलं: 'पाखरं, माणसं आणि विश्वास.'

१२ नोव्हेंबर, रात्री ८
सगळं लिहितो. ही वही कुणी वाचणार नाही.

अंगणात सगळे जमले. सगुणाबाई सूप घेऊन बसल्या. मी पिशवी घेऊन पहिल्या नंबरला. तेवढ्यात विठ्ठलराव म्हणाले, सगळ्यात जास्त आमी बसलो. सारजाबाई म्हणाल्या, थाळी फुटली माजी, बगा. भांडण पेटणार तोच वाल्मीक म्हणाला, कशाला भांडता, मशिनीला इचारा की, कोन किती बसलं ते. तितं खोडता येत न्हाई.

मी म्हणालो, अवश्य! पाचही रोबो अंगणात ओळीने मांडले. अख्ख्या गल्लीसमोर मोबाइल उंच धरला आणि प्रश्न टाकला: राखण कुणी केली?

मतदान चार सेकंदांत झालं. पाच विरुद्ध शून्य. थवाचेनच्या इतिहासातलं पहिलं एकमत. वाल्मीकने मोठ्याने वाचलं.

सगुणाबाई, दोनशे बारा तास. बगळा, मालक, दोनशे चार तास. सारजाबाई, एकशे नव्वद. वाल्मीक, एकशे साठ. भैरू, एकशे एकावन्न. जुईली, रोज सकाळी सहा ते सात, एकूण तेहतीस तास.

शेखर, शून्य.

खाली आणखी एक ओळ होती. वाल्मीकने तीही वाचली. सहावा सदस्य, म्हणजे माझा मोबाइल, याने सत्तेचाळीस वेळा 'शेतावर हजर, सर्व ठीक' अशी नोंद केली. त्या वेळी कुणालाही तो शेतावर दिसला नाही. सबब सदर सदस्य खोटं बोलतो असं पाचही जणांचं मत असून त्याला थव्यातून कायमचं काढण्यात येत आहे.

मोबाइल हातातच बंद पडला. म्हणजे ॲप. आत शिरता येत नाही. मीच तसं बनवलंय.

कुणी हसलं नाही. तेच जास्त झालं. मग विठ्ठलराव हसले आणि मला म्हणाले, आमी पाखरू तरी झालो, तुमी काय झालात? मग सगळी गल्ली हसली.

मी जुईलीकडे बघितलं. तिच्या हातात पोह्याचा डबा होता. पोचे पडलेला, तळाला काठीने बडवून बडवून. ती म्हणाली, फिरायला जाते असं मी कधी म्हणालेच नव्हते, तूच म्हणालास. आठवलं. खरं आहे.

सगुणाबाईंनी तिला सूप भरून दिलं. वर आणखी एक ओंजळ टाकली. माझ्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, तुमाला न्हाई म्हनत न्हाई मी शेखरभाऊ, पन आता खोडता येत न्हाई न्हवं.

भाषण केलं नाही.

१३ नोव्हेंबर, पहाटे ५.५५
जाग आहे. झोपच लागली नाही, त्यामुळे हे मोजायचं की नाही माहीत नाही. गॅलरीतून शेत दिसतं. नुसती धसकटं. पाखरं खाली सांडलेलं टिपतायत. कुणी हाकलत नाही, आता खाऊ देतात म्हणे.

वाटलं होतं, कुठेतरी हिशेबात माझंही नाव असेल.

१६ नोव्हेंबर, रविवार, दुपारी १.३०
जुन्या कंपनीतल्या ओळखीच्याला अर्ज पाठवला. अनुभव या रकान्यात थवाचेन लिहिलं, मग खोडलं. खोडता येतं हे बरं वाटलं.

रोबो भावकीकडेच राहिले. एकावर सगुणाबाईंनी पापड वाळत घातलेत. बाकी चार वाल्मीकच्या दारात आहेत, विठ्ठलराव आले की वाजतात. घंटेची गरज उरली नाही.

आज घरी आंबेमोहोर, जुईलीच्या वाट्याचा. गिरणीतून कालच आला. नवा तांदूळ, जरा गिच्च झाला, पण वासाने शेजारचे दारात येऊन गेले. वरण, तूप, लिंबू. एवढं चांगलं काही मी बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं, आणि ते मी तिला सांगितलं. मग आणखी भात मागितला.

ती म्हणाली, मतदान घेऊ.

घेतलं. एक विरुद्ध एक. पातेलं तिच्याकडे होतं.